सोळा खिडक्या

सोमवार, १ सप्टेंबर

नवी वही आणली. दुकानदाराने टोपी घातली. समास इतका रुंद की निम्मं पान वायाच जातंय. बदलून आणायचा कंटाळा केला, कारण शनिवारपासून डोकं जड आहे. ओट्यापाशी उभी होते आणि डोळ्यांपुढे चकाकणाऱ्या वेड्यावाकड्या रेघा आल्या. अर्धा तास पडून राहिले, मग थांबलं. मुंगीला, माझ्या भाचीला, काही बोलले नाही. ती पोर लगेच जीव टांगणीला लावून बसते.

मोठ्या बाईंना दाखवायची नोंदवही वेगळी आहे, तिच्यात 'सर्व ठीक' लिहायचं असतं. इथे खरं लिहायचं ठरवलंय, तर मग सुरुवातीपासूनच लिहिते. तेवीस वर्षं या खोलीत मी शाळेची पुस्तकं सांभाळली. जूनमध्ये कपाटं गेली आणि भिंतभर स्क्रीन आली. आता प्रत्येक मुलाकडे शाळेचा लॅपटॉप आहे, आणि त्यावर जे उघडं असेल ते माझ्या स्क्रीनवर एका छोट्या खिडकीत दिसतं. जो आधी लॅपटॉप उघडेल त्याची खिडकी आधी लागते, डावीकडून भरत येतात, आठ-आठच्या पाच उभ्या रांगा. चाळीस मुलं, चाळीस खिडक्या. कोणी नको ते उघडलं किंवा काही वेडंवाकडं, काळजीचं टाइप केलं की खालच्या कोपऱ्यात लाल घंटा येते. ती दाबून बघायची आणि वर कळवायचं. तिचा आवाज मी जूनमध्येच बंद करून घेतला, दिवसभर किणकिण ऐकून डोकं उठायचं.

"डोळ्यात तेल घालून बसा," असं मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बसते. मुलं मला घुबड म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणू देत. घुबडाला निदान दिसतं तरी.

बुधवार, ३ सप्टेंबर

लाल घंटा दोन दिवसांत एकदाही आली नाही. मुलं सुधारली म्हणायची.

शिपाईमामा आज चहा घेऊन आलेच नाहीत. विचारलं तर म्हणाले, "ठेवला की बाई तुमच्यासमोर, साडेदहाला." समोर काही नव्हतं. म्हातारे झालेत, विसरतात. मी वाद घातला नाही.

मुंगी आमच्या नववीत, बहीण गेल्यापासून चार वर्षं माझ्याकडे. शाळेच्याच मागच्या दोन खोल्यांत आम्ही दोघी राहतो. नोकरी आहे तोवर खोल्या आहेत, हे मी तिला कधी बोलून दाखवलेलं नाही. तिची खिडकी मी मोठी करून बघत नाही, हा माझा नियम. घरच्या पोरीवर दुर्बीण लावायची नाही. घंटा आली तर गोष्ट वेगळी.

सोमवार, ८ सप्टेंबर

आज माझी पाचावर धारण बसली.

नववीचा तास चालू होता. सहज खिडक्या मोजल्या. चोवीस. पुन्हा मोजल्या, बोट लावून. चोवीस. वर उजव्या कोपऱ्यात सॉफ्टवेअर सांगतंय, चाळीस हजर. सोळा मुलं वर्गात बसलीयत, लॅपटॉप चालू आहेत, आणि माझ्या स्क्रीनवर नाहीत.

कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. शाळेची सगळी यंत्रं बघणारा माणूस, तिशीचा, कायम घाईत. तो आला, खुर्चीच्या मागे उभा राहिला आणि म्हणाला, "चाळीस आहेत की मॅडम. ही एक रांग, ही दोन..." आणि स्क्रीनवर बोट ठेवत गेला. मी त्याच्या बोटाकडे बघत गेले, तर खरंच होत्या. सगळ्या. मघाशी जिथे काही नव्हतं तिथे सोळाच्या सोळा हजर, शहाण्यासारख्या, इतिहासाचं पान उघडून.

"तुम्ही काय दाबलंत?" मी विचारलं.

"काहीच नाही. हात खिशात होता माझा."

एक हात स्क्रीनवर होता, पण तो विषय मी काढला नाही. तो गेला. मी सरळ बसून पुन्हा मोजलं. चोवीस.

म्हणजे मुलांनी काहीतरी युक्ती काढलीय. खिडकी हवी तेव्हा घालवायची आणि कोणी तपासायला आलं की परत आणायची. कोणी आलंय हे त्यांना कसं कळतं?

मंगळवार, ९ सप्टेंबर

एक चांगलीही गोष्ट लिहून ठेवते. नववीची मुलं फार वक्तशीर झालीयत. तासाची घंटा झाली की लॅपटॉप उघडायला नुसती झुंबड उडते. जी पोरं एरवी दप्तरात वही शोधण्यात अर्धा तास घालवायची तीही पहिल्या मिनिटाला हजर. वर्गशिक्षिकाही चकित आहेत. सगळ्यात शेवटी लॅपटॉप उघडणारी कोण, तर आमची भाची. रोज तिचीच खिडकी शेवटच्या रांगेत तळाला. घरी तिला फैलावर घेतलं. ती नखं खात उभी राहिली.

"मिठाची गुळणी धरलीयस का तोंडात, बोल ना," मी म्हणाले.

"मावशी, तू डोळे तपासून ये ना एकदा," ती म्हणाली.

विषय काय, ही बोलतेय काय. चष्मा मार्चमध्ये बदललाय, अक्षर न् अक्षर स्वच्छ दिसतं. मी अशी काही डाफरले की ताटावरून उठून गेली. नंतर वाईट वाटलं. पण माफी मागायला गेले नाही, तो माझा स्वभाव नाही.

गुरुवार, ११ सप्टेंबर

खोलीत कोणीतरी येतं.

पेन ठेवते, नाहीसं होतं. चहा येत नाही आणि तासाभराने गार झालेला कप कोपराशी सापडतो. दार उघडल्याचं कळत नाही, पावलं वाजत नाहीत, आणि एकदम माणूस अगदी अंगाशी उभा. आज शिपाईमामा असे उगवले की माझी बोबडीच वळली. म्हणाले, "बाई, मी दारातनंच हाक मारत आलो." हाक ऐकली होती. पण हाक आली तिकडे बघितलं तर कोणी नव्हतं.

दाराला पितळी घुंगरू बांधायला सांगितलं. मामा हसले. मला हसू आलं नाही.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

मोठ्या बाईंनी बोलावलं. नववीची इतिहासाची चाचणी लॅपटॉपवर झाली होती, माझ्या पहाऱ्यात. सोळा पेपर शब्दन् शब्द सारखे. चुकासुद्धा सारख्या. युद्धाचं साल सोळा जणांनी एकाच पद्धतीने चुकवलंय.

"तुम्ही त्या वेळी कुठे होतात?"

"खुर्चीत होते."

"मग बघत काय होतात?"

सोळा. त्याच सोळा खिडक्या. सांगावं असं वाटलं. पण काय सांगणार? की मुलं अदृश्य होतात आणि कॉम्प्युटरवाला आला की परत येतात? मला वेड्यात काढलं असतं.

मोठ्या बाई तशा वाईट नाहीत. पण सरळ बोलल्या. तीस तारखेला समिती बसणार आहे. मुलं जर नाकावर टिच्चून कॉपी करणार असतील तर माणूस कशाला हवा, नुसतं सॉफ्टवेअर पुरे. असं त्या म्हणाल्या नाहीत, समिती म्हणेल असं म्हणाल्या. एकच झालं.

म्हणजे माझ्याकडे अठरा दिवस आहेत. युक्ती शोधली नाही तर खुर्ची जाणार आणि खोल्याही जाणार. या वयात पोरीला घेऊन कुठे जाऊ? मला भीती वाटते. इथे लिहायला लाज नाही. फार भीती वाटते.

शनिवार, १३ सप्टेंबर

दुसरा शनिवार, शाळेला सुट्टी. बाजारात गेलो. मुंगी हल्ली रस्त्यात माझा हात सोडत नाही. लहानपणी मी तिला धरायचे तसं ती मला धरते, आणि नेहमी त्याच एका बाजूला चालते. मी दुसऱ्या बाजूला घेतलं की फिरून परत तिकडेच. वळणावर एक सायकलवाला कुठून आला देव जाणे, मुंगीने खेचलं म्हणून वाचले. सायकलवाल्याने शिव्या दिल्या. मी दुप्पट दिल्या.

घरी आल्यावर डावा दंड चोळला. काळानिळा झालाय. दाराची चौकट रोज लागते. पावसाने लाकूड फुगलं असणार, दार अरुंद झालंय.

जेवताना मुंगी म्हणाली, "बटाटे आवडले नाहीत का?" बटाटे वाढलेच नव्हते तिने. मी तसं म्हणाले. तिने माझं ताट उचललं, गोल फिरवलं आणि परत ठेवलं. बटाटे होते. जादूगारीण झालीय कार्टी. मी हसले. ती हसली नाही, पाणी आणायला म्हणून आत गेली ती बराच वेळ आली नाही.

मंगळवार, १६ सप्टेंबर

चोवीस.

बुधवार, १७ सप्टेंबर

चोवीस. नावं लिहून काढायला घेतली, कोण दिसतं आणि कोण नाही. काल जे दिसत नव्हते त्यातले काही आज दिसतात आणि कालचे दिसणारे आज गायब. म्हणजे पाळीपाळीने करतात. ठरवून करतात. त्यांच्यात कोणीतरी म्होरक्या आहे.

एकच खिडकी अशी की जी रोज दिसते, कधी गायब होत नाही. मुंगीची. आधी बरं वाटलं. मग वाटलं, चाळिसातली एकच का? बाकी सगळ्यांची पाळी येते, हिची का येत नाही? जो पाळ्या लावतो त्याला पाळी लागत नाही.



शुक्रवार, १९ सप्टेंबर

वर्गासमोरून जात होते. आत कोणीतरी हळूच घू-घू असा घुबडाचा आवाज काढला आणि हशा पिकला. मी आत डोकावले तर सगळे शांत. मुंगी तेवढी उभी होती, एका मुलीच्या बाकाशी, चेहरा लालबुंद, आणि तिला म्हणत होती, "तू शपथ घेतली होतीस." मला बघून गप्प झाली.

शपथ कसली? म्हणजे हिलाच सगळं माहीत आहे. तिचा हात त्यात आहे. माझ्याच घरात, माझ्याच ताटात जेवणारी पोर माझ्या हातावर तुरी देतेय, आणि मी तिच्यासाठी खोल्या सांभाळत बसलेय.

कॉम्प्युटरवाल्याला पुन्हा बोलावलं. पुन्हा तेच. तो आला की चाळीस, गेला की चोवीस. जाताना म्हणाला, "मॅडम, दोन दिवस रजा घ्या." त्याच्यावरही माझा विश्वास उरलेला नाही.

रविवार, २१ सप्टेंबर

मुंगी आंघोळीला गेली तेव्हा तिचं दप्तर तपासलं. तेवीस वर्षांत एकाही मुलाचं दप्तर मी उघडलं नव्हतं. सापडलं काही नाही. पेन्सिली, अर्धं बिस्कीट, घडी घातलेला रुमाल. ती बाहेर आली तेव्हा दप्तर माझ्या मांडीवर होतं.

"काय शोधतेस?"

"तू काय लपवतेस ते."

ती ओल्या केसांनी तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "मी सांगितलं तर आपल्याला इथून जावं लागेल." आणि रडायला लागली.

पुढे काही विचारायचं धाडस मला झालं नाही. मला ऐकायचंच नव्हतं, हे खरं. पोरीने खरोखर काही केलं असेल तर मला तिचं नाव वर द्यावं लागेल. नाही दिलं तर मी चोर, दिलं तर ती शाळेतून बाहेर. दोन्हीकडून आपणच मरणार.

आणखी एक. ही वही मी ठेवते तशी नव्हती. उशाखाली पालथी ठेवते, ती सुलटी होती. पेनचं टोपण उघडं होतं. वाचून पाहिली, माझं लिहिलेलं सगळं जसंच्या तसं आहे. मग कोणी उघडली आणि कशाला?

बुधवार, २४ सप्टेंबर, दुपार

हे शाळेतच लिहितेय. मोठ्या बाईंकडून आत्ता आले.

समितीसाठी त्यांनी सॉफ्टवेअरमधून महिन्याच्या लाल घंटा छापून घेतल्या. मला वाटत होतं की एकही आलेली नाही. एकसष्ट आल्यात. एकही मी दाबलेली नाही. एकसष्ट वेळा माझ्या डोळ्यांसमोर लाल घंटा आली, आणि मी 'सर्व ठीक' लिहिलं.

"तेही एक वेळ राहू द्या," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "ह्या बघा. बारा घंटा एकाच लॅपटॉपच्या. कोऱ्या पानावर एकच शब्द. मदत. दहा तारखेपासून, शाळा असेल त्या प्रत्येक दिवशी, साडेअकराला. लॅपटॉप कोणाचा ते वाचा."

मुंगीचा.

"तुमच्या घरातली मुलगी बारा दिवस मदत मागतेय बाई. तुमच्याचकडे मागतेय. तुम्ही काय करत होतात?"

पोरीला कोणीतरी छळतंय. कोणीतरी धमकावलंय, तिच्याकडून हे सगळं करून घेतलंय, आणि मी तिला वक्तशीरपणावरून फैलावर घेत होते, तिचं दप्तर उपसत होते. साडेतीनला शाळा सुटेल. अजून पन्नास मिनिटं आहेत. ही पन्नास मिनिटं कशी काढू?

बुधवार, २४ सप्टेंबर, संध्याकाळ

दारातच तिला धरलं. "कोण त्रास देतंय तुला? नाव सांग, मी त्याची गठडी वळते."

"कोणी नाही."

"मग मदत कशाला लिहीत होतीस?"

"माझ्यासाठी नव्हतं ते," ती म्हणाली. "तुझ्यासाठी होतं. तुला घंटा दिसते का ते बघत होते मी. आणि तुला नाहीच दिसली तर निदान मोठ्या बाईंना तरी दिसेल."

मला काही कळेना. तिने मला खुर्चीत बसवलं, माझ्यासमोर बसली आणि दोन्ही हात वर केले. "किती हात?"

"एक."

"नीट बघ."

"एकच आहे, काय खेळ लावलायस?"

तिने माझी हनुवटी धरून हळूच मान वळवली. दुसरा हात होता. बोटं हलवत होती ती सगळा वेळ.

मग सगळं बाहेर आलं. महिन्याच्या सुरुवातीपासून मला डावीकडचं दिसत नाहीये. ताटातलं अर्धं मी खात नाही, दाराला धडकते, डावीकडून आलेलं माणूस मला भुतासारखं वाटतं. घंटा येते ती डाव्या कोपऱ्यात. पहिल्या दोन रांगाही डावीकडे, आठ आणि आठ, सोळा. सॉफ्टवेअरला काहीही झालेलं नाही. मुलांनी कसलंही कुलूप फोडलं नाही, पासवर्ड चोरला नाही. जो पहिल्या सोळांत लॅपटॉप उघडेल तो मला दिसत नाही, एवढंच त्यांना कळलं होतं. म्हणून ती झुंबड. वर्गात पाळ्यांची यादीच केली होती, रोज कोणी पुढे पळायचं त्याची.

"आणि हे त्यांना कोणी सांगितलं?"

"मी एकीलाच सांगितलं होतं. मला खूप भीती वाटत होती, तुला काय होतंय म्हणून. कोणाला तरी सांगायचं होतं. तिने शपथ घेतली होती. मग तिने सगळ्यांना सांगितलं."

मी विचारलं, मग तू रोज शेवटी का उघडायचीस?

"म्हणजे माझी खिडकी उजवीकडे लागेल. तुला निदान मी तरी दिसेन."

मी तिला जवळ घेतलं. आम्ही दोघी किती वेळ रडलो ते लिहीत नाही.

गुरुवार, २५ सप्टेंबर

डॉक्टर तरुण आहेत, पण धीराचे. त्यांनी कोरा कागद दिला आणि घड्याळ काढायला सांगितलं. काढलं. गोल छान आला, बाराच्या बारा आकडे घातले. मी कागद त्यांच्याकडे दिला तर मुंगीने तोंड फिरवलं. डॉक्टरांनी कागद आडवा फिरवून माझ्यापुढे धरला. एकपासून बारापर्यंत सगळे आकडे एका अर्ध्यात दाटीवाटीने कोंबलेले, दुसरं अर्धं रिकामं.

डोळे चांगले आहेत, असं ते म्हणाले. बिघाड डोक्यात आहे. एक लहानसा झटका येऊन गेला, बहुधा त्याच दिवशी, ओट्यापाशी. डोळे बघतात, पण डोकं डावीकडचं मोजतच नाही, आणि मोजत नाही हेही त्याला कळत नाही. "तुम्हाला तिथे काळोख दिसत नाही, काहीच दिसत नाही. म्हणून तुम्ही शोधतही नाही." थोडं परत येईल, सगळं येईलच असं नाही. औषधं कायमची. पुन्हा असा झटका येऊ नये यासाठी.

पुन्हा हा शब्द त्यांनी अगदी साधेपणाने उच्चारला. मी तेव्हापासून तो विसरू शकत नाही. भुतं बरी होती. घुंगरू बांधून त्यांच्यावर उपाय करता येत होता.

डॉक्टरांनी एक युक्ती सांगितली. प्रत्येक गोष्टीच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावायची, आणि ती पट्टी दिसेपर्यंत मान वळवायची. तिथून पुढे बघायला सुरुवात करायची.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. मुंगीचं नाव सोडून. तर त्या म्हणाल्या, "ती सकाळीच येऊन गेली. तुमच्या आधी."

सोळा पेपरांची चाचणी पुन्हा होणार. खुर्चीचं समितीच ठरवेल, त्यात त्यांचं काही चालत नाही. एवढं म्हणाल्या की खोल्या वर्ष संपेपर्यंत आमच्याच, हे त्या लिहून घेतील. त्यापुढचं त्यांना ठाऊक नाही आणि मलाही नाही. निघताना त्यांनी माझ्या डाव्या बाजूला येऊन दार धरलं. एवढं साधं, पण मला रडू आलं.

रविवार, २८ सप्टेंबर

मुंगीने घरभर लाल पट्ट्या चिकटवल्या. चौकटीला, टेबलाला, माझ्या ताटाच्या काठाला. मी मान वळवून वळवून दमले. प्रत्येक वेळी तिथे काहीतरी निघतं. खिडकीत कुंडी आहे, भिंतीवर बहिणीचा फोटो आहे. महिनाभर तो फोटो मला दिसला नव्हता आणि चुकल्यासारखंही वाटलं नव्हतं, याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

मी म्हणाले, वहीलाही पट्टी लाव. ती एकदम म्हणाली, "वहीला नको." आणि दुकानातून पाव आणायला निघून गेली. पाव घरात होता.

म्हणून मीच लाल पेन्सिल घेतली. पान उघडलं, कड लागेपर्यंत मान वळवत गेले. आणखी वळवली. आणखी.

समास रुंद नव्हताच. मीच प्रत्येक ओळ पानाच्या मध्यापासून सुरू करत होते. आणि त्या कोऱ्या अर्ध्यात, माझ्या ओळींना खेटून, मुंगीचं बारीक गोल अक्षर आहे. तारखा घालून लिहिलंय तिने. माझ्या शेजारी, माझ्याच वहीत, सतरा दिवस. इथे उतरवून काढते.

आठ तारखेच्या पानावर: "मावशी, हे दिसतंय का?"

दहा: "नाही दिसलं. काल तू या पानाच्या खालीच लिहिलंस आणि तरी नाही दिसलं. आज शाळेत घंटा वाजवून बघणार आहे."

तेरा: "बटाटे मी डावीकडे वाढले होते. मुद्दाम नाही. शप्पथ."

सतरा: "म्होरक्या मी नाही. पण माझ्यामुळेच झालंय. तुझ्या तोंडावर सांगायला गेले की तू ओरडतेस, आणि ओरडली नाहीस की तू घाबरलेली दिसतेस. ते जास्त वाईट वाटतं."

एकवीस: "दप्तर तपासलंस त्याचा राग नाही आला. वही मी रोज उघडते, त्याचा तुला येऊ दे. आई पण अशीच एकदा ओट्यापाशी बसली होती. मी दहा वर्षांची होते, मी कोणाला सांगितलं नाही, कारण ती म्हणाली होती सांगू नकोस."

चोवीसच्या पानावर फक्त एक ओळ आहे, दुपारच्या नोंदीच्या वर, म्हणजे सकाळी शाळेत जाण्यापूर्वीची: "आज जर मोठ्या बाईंनी बघितलं नाही तर मी स्वतः जाऊन सांगणार. खोल्या गेल्या तरी चालतील."

पाव घेऊन ती दारात आली तेव्हा मी वही उघडी ठेवून बसले होते. ती उंबऱ्यावरच थांबली, डाव्या बाजूला. मी मान वळवली, लाल पट्टीपर्यंत आणि तिच्याही पुढे.

मग आठ तारखेचं पान काढलं, पेन अगदी डाव्या कडेला टेकवलं आणि तिच्या ओळीखाली तिच्यादेखत लिहिलं, दिसतंय.